पुडीतले राज्यपाल

बोईसरला नवापूरच्या बसच्या रांगेत वैभवी उभी होती. तिच्यापुढे एक कोळीण आणि तिची मुलगी. टोपली रिकामी, मुलगी रडकुंडीला आलेली.

“आई, रविवारी यूपीएससीची पूर्वपरीक्षा हाय, आन् तू माझ्या नोट्समधी सुकी मासळी बांधून विकलीस?”

“वरडू नको, पूर्वी. कोनी काय नेलं ते माज्या ध्यानात हाय.”

“मूलभूत हक्क?”

“कॉलनीतल्या मॅडम. पाव किलो सोडे.”

“आणीबाणी?”

“हवालदाराची बायको. बोंबील.”

“तुला कसं कळलं कुठलं पान कशाचं ते?”

“वर लाल शाईनं लिवलेलं व्हतं की.”

“मंग माझ्या नोट्स हायेत हे नाय कळलं?”

“कळलं. पन गिऱ्हाईक उभं व्हतं.”

“आन् राज्यपाल?”

“एक चष्मेवाली पोर. दहा वेळा हुंगला, मंग जवला घेतला.”

वैभवीने चष्मा सावरला आणि पिशवीतून पुडी काढली.

“मावशी, राज्यपाल माझ्याकडे आहेत.”

“दे बाय. पन जवला कशात बांधू? दुसरा कागद दे.”

वैभवीच्या पिशवीत कागद होते ते तिच्याच नोट्सचे. रविवारी तिलाही परीक्षेला बसायचं होतं. तिने बराच विचार केला आणि अर्थशास्त्राचं, चारदा वाचूनही न समजलेलं पान फाडून दिलं.

पूर्वीने ते मधल्यामधे घेतलं आणि उभ्या उभ्या वाचून काढलं.

“आई, थांब. हे माझ्याकडं नाय.”

“मंग जवला?”

“तुझ्या पदरात बांध.”