तीस सेंटीमीटरच राहू द्या

नाही नाही, अडीच नको — तीसच राहू द्या. तुम्ही मघाशी तीन आकडे सांगितलेत ना, तीस सेंटीमीटर, दहा आणि अडीच — तुमचं हे यंत्र स्टिअरिंग आपोआप फिरवणार आणि ट्रॅक्टर रेषेपासून फार तर तेवढा ढळणार — मग आम्हाला तीस पुष्कळ झालं. एक वीत इकडे, एक वीत तिकडे. अहो, चाळीस वर्षं हे स्टिअरिंग मी धरलंय, मका काय फूटपट्टी घेऊन उगवतो? लेकीने फॉर्मवर अडीच लिहिलंय, दिसतंय मला — म्हणजे दिसत नाहीये, पण तिने वाचून दाखवलंय. तिचं सगळं असंच. शाळेत वहीला समास आखायला अर्धा तास घ्यायची.

काय? तीसवर पेरणी निभेल, पण पुढे ओळींमधलं तण काढायला कोळपताना पातं रोपांवरूनच जाईल? जाऊ दे की! दोन-चार ओळी कापल्या गेल्या की ती म्हणेल, बाबा, हे यंत्र राहू दे, तुम्हीच बसा — हे मी बोललो नाही हं, आणि तुम्ही ऐकलं नाहीत.

माझा हात सरळच आहे. पहिली ओळ कशी पाडतात ठाऊक आहे? शेताच्या पलीकडे काठीला पांढरं फडकं बांधायचं आणि नजर त्यावरून हलवायची नाही — बस्स. बाकीच्या ओळी पहिलीच्या मागोमाग. गेल्या वर्षीही तसंच केलं. फडकं जरा उजवीकडे वाटलं, मी उजवीकडे. आणखी सरकलं, मीही सरकलो — म्हटलं, वारा असेल. जवळ गेलो तर फडकंच विचारतंय, "बाबा, कुठे निघालात?" पांढरा शर्ट घालून लेक चालली होती बियाण्याची पिशवी घेऊन, आणि मी आपला तिच्या मागे! आता चूक कबूल करावी की नाही? नाही केली. म्हटलं, वाकडंच हवं होतं मला, पाणी नीट मुरतं — आणि हट्टाने सगळं शेत तसंच पेरलं. लोक रस्त्यावर गाड्या थांबवून बघायचे. तर लेक सगळ्यांना सांगते, त्या दिवशी ट्रॅक्टर मी चालवत होते. मी शेजारीच उभा राहून मान डोलावली. वाईट वाटतं हो अजून.

मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. दोन वर्षं ती ऑपरेशनसाठी मागे लागलीये — पण ऑपरेशन केलं म्हणजे म्हातारा झालो हे लिहूनच दिलं की! आणि आता हे तुमचं यंत्र. सीट रिकामी, मग मी दिवसभर करू काय? अंगणात खुर्ची टाकून बसू?

रिकामी नाही? शेताच्या टोकाला ट्रॅक्टर वळवायला माणूस लागतो? मग हे आधी सांगायचं ना राव, उगाच तासभर — काय म्हणालात? पुढे कोणी आडवं आलं तर ते आपण होऊन थांबत नाही? बघणारा माणूस बसलेला लागतोच?

बघणारा.

त्या दिवशी तिने हाक मारली म्हणून थांबलो हो मी. नेम धरून तिच्यावरच चाललो होतो.

अडीच टाका. हो, अडीचच, बरोबर ऐकलंत. आणि तिला बोलावू नका, मीच जातो घरात — डॉक्टरांची तारीख तिलाच विचारायची आहे. माझ्याकडे काय बघताय? वायर जोडा तुमची.