चर्चमागच्या शेतातला ब्रोच

आत नको येऊस, तिथंच उभा राहा पायरीवर—अर्धं शेत लागलंय तुझ्या बुटांना. आणि चहा मिळणार नाही, आधीच सांगते. आमचा क्लिफर्ड होता तेव्हा दर रविवारी याच टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसायचात तुम्ही मातीतला धातू हुडकणारे मशीनवाले—गंजके खिळे, ट्रॅक्टरचे नट, आणि तोंडं अशी, जशी काही राजाची तिजोरीच फोडून आलात! बिस्किटं पुरवायची मी. आता तो जाऊन दोन सुग्या झाल्या, बिस्किटंही गेली त्याच्याबरोबर. तुला शेतात फिरू देते ते त्याच्या शब्दाखातर, तुझ्या प्रेमाखातर नव्हे. बरं, बोल. सापडलं ते आधी शेतमालकाला दाखवायचं हा तुमचा नियम, माहितीये मला—तर आटप. ब्रोच? सातशे वर्षांपूर्वीचा? असेल. लावत असेल कुणी बाई झग्याला. मला काय करायचाय काटा तुटलेला ब्रोच—

असा काय बघतोस? डबी उघडलीच नाहीस अजून? बरं मग, अंदाजानं म्हटलं. जुन्या ब्रोचांचे काटे तुटलेलेच असतात, चाळीस वर्षं हेच ऐकत आलेय मी. उघड. उघड म्हणते ना.

हं. दोन हात, एकमेकांत धरलेले. तोच.

काय, फार चकचकीत आहे? सातशे वर्षं मातीत पडलेली वस्तू अशी घासलेली कशी? अरे वा, मोठा आलाय शहाणा! घासलीच होती त्यानं—माझ्या दातांच्या ब्रशनं, व्हिनेगर ओतून, हा इथं, या सिंकमध्ये. तुम्हा सगळ्यांना सांगत फिरायचा, पाण्याचा थेंबही लावू नका, आणि स्वतःच्या हाताला लागल्यावर दम निघाला नाही! अर्धा सोन्याचा मुलामा नळाखाली वाहून गेला तेव्हा कुठे शुद्धीवर आला, आणि वर मलाच—तू थांबवलं का नाहीस, विनी? हो, त्यालाच सापडला होता. तुझ्या आधी. गिळ आता. कुणाला दाखवला नाही, कारण बोभाटा झाला तर गाव लोटेल म्हणे शेतात. काडेपेटीत कापूस घालून उशाशी ठेवायचा. उशाशी, रॉडनी! मी एकदा—एकदाच—भाचीच्या लग्नाला कोटावर लावला. न विचारता, हो, न विचारता. विचारलं असतं तर दिला असता का त्यानं? तीन बायकांनी थांबवून विचारलं, कुठून आणलास. आणि परत येताना गाडीतला सीटबेल्ट अडकला, मागचा काटा तुटला. संपलं. सबंध हिवाळा बोलला नाही माझ्याशी. मीठ हवं असलं तरी कुत्र्याला सांगायचा—हिला म्हण, मीठ दे. बिचारा कुत्रा माझ्याकडे बघायचा, त्याच्याकडे बघायचा. आणि मग तो दवाखाना. तिथं पडल्या पडल्या शेवटी एकच वाक्य बोलला माझ्याशी, सरळ माझ्याशी, आणि ते काय तर—रॉडनीला शेतात अडवू नकोस. रॉडनीला! मी बसले होते हात धरून, आणि तोंडात नाव तुझं. वर माझ्याकडून चहाची अपेक्षा करतोस.

मग पुरला मी. मीच. त्याची राख त्या शेतात पसरली त्या दिवशी—तू होतास की, टोपी हातात, डोळा सँडविचवर—तुम्ही सगळे पांगल्यावर परत गेले आणि वीतभर उकरून टाचेनं दाबला मातीत. म्हटलं, घे, शोध आता! मशीन नाही, बॅटरी नाही, शोधत बस. राग होता मला, का नसावा? आणि दुसरं म्हणजे, त्याला काही उद्योग नको का तिथं? नुसता पडून राहणारा माणूस होता का तो? आणि तू—तू एका सकाळीत त्याचं काम उचलून आणलंस, आणि वर शाबासकी मागतोस!

नाही. असल्या वस्तूंची नोंद करणाऱ्या त्या म्युझियमच्या बाईंना नाही दाखवायचा. शेत माझं आहे, नवरा माझा होता. ती डबी मिट, आणि जिथून काढलास तिथं जा. मी वीतभरच पुरला, नांगरानं वर आणला, ती माझी चूक—तू हातभर खोल घाल, तुझ्या त्या मशीनला ऐकूही येणार नाही इतका. माती नीट दाब. आणि यापुढे त्या शेतात पाऊल टाकू नकोस. त्याचा शब्द दोन वर्षं पाळला, पुष्कळ झाला.

आता काय? काटा? काटा शोधायला एकदाच येऊ दे म्हणतोस? नको. नाही सापडायचा. अरे नाही सापडायचा म्हणते ना, तिथं नाहीये तो! माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. मुद्दाम ठेवलाय. अर्धवट वस्तू त्याला कधी खपली नाही—ब्रोच हाती लागला की काट्यासाठी जीव कासावीस होईल त्याचा, आणि मग यावंच लागेल की नाही, इथं, या पायरीवर, माझ्याकडे मागायला? तोंड उघडून मागावं लागेल. कुत्राही मेला आता.

जा तू. फाटक लाव जाताना.