बाईंनी तपासलेलं पत्र

(भुईगाव. रविवारची दुपार. शाळेतून निवृत्त झालेल्या बेटीबाईंच्या घराचा ओटा.)

स्वप्ना : नाही, कल्पेश आला नाहीये. मी एकटीच आलेय. आणि मी इथे आलेय हे त्याला माहीत नाही.

बेटीबाई : बस तरी. फुलपाड्याहून एवढ्या उन्हात स्कूटरवर आलीस. दर रविवारी अकराला हजर असतो तो. आज एक वाजला, म्हणून मी जेवायची थांबले होते.

स्वप्ना : जेवून घ्या. त्याला मी सुरुचीच्या प्रोजेक्टला बसवलंय. बायको-मुलीसाठी एक रविवार काढला तर काही बिघडत नाही.

बेटीबाई : रागावून आलीस.

स्वप्ना : हो. मला फिरवून फिरवून बोलता येत नाही, सरळच सांगते. लग्नाला अकरा वर्षं झाली आमच्या. सोसायटीला अर्ज द्यायचा, बाईंना दाखवून येतो. ऑफिसात साधी रजा टाकायची, बाईंना दाखवून येतो. मुलीचं नाव आत्या ठेवते ना? माझी नणंद हेमांगी बारशाला पाळण्यात वाकली, तर तिच्या मुठीत चिठ्ठी. चिठ्ठीवर तुमचं अक्षर.

बेटीबाई : मी तीन-चार नावं सुचवली होती. त्याची एकच अट होती. नावात न नको आणि ण नको. घरात कोणाची जीभ अडायला नको म्हणाला.

स्वप्ना : बघा. हे मला आज कळतंय. माझ्या मुलीचं नाव सुरुची का आहे, ते मी भुईगावला येऊन ऐकायचं.

बेटीबाई : त्यांच्याकडे पानी म्हणतात, कोन म्हणतात. वर्गात मुलं हसायची त्याला. मी कोणाचं बोलणं कधी सुधारलं नाही. आमच्या घरातही वेगळीच बोली, माझी आई माझं शाळेतलं मराठी ऐकून तोंडाला पदर लावायची. बोला आईसारखं, लिहिताना मात्र जिथे ण तिथे ण. एवढंच माझं म्हणणं.

स्वप्ना : पाठ आहे मला ते. बाई असं म्हणायच्या, बाई तसं म्हणायच्या. आमटीत मीठ कमी पडलं तर म्हणतो, चालेल, बाई अळणीच जेवतात. मलाही टीचर होत्या की. मला त्यांची नावंही आठवत नाहीत आता.

बेटीबाई : मग आज इतक्या वर्षांनी काय झालं?

स्वप्ना : काल रेशनकार्ड शोधत होते. त्याच्या जुन्या फाइलमध्ये हे सापडलं. ही लाल शाई तुमचीच ना?

बेटीबाई : थांब, चष्मा लावते. हो, माझंच अक्षर. अगं, हे तर…

स्वप्ना : मला लिहिलेलं पत्र. कच्चं. मला बघायला आले तेव्हा हा तासभर खाली मान घालून बसला होता. पोहे छान झालेत, एवढंच बोलला. ते गेल्यावर मी पप्पांना सांगितलं, नको, मला असला मुखदुर्बळ नकोय. आठ दिवसांनी पोस्टाने पत्र आलं. घरात सगळे हसले, मोबाइल असताना पत्र कोण लिहितं. मी वाचलं आणि हो म्हटलं. त्याला नाही बाई, त्या पत्राला हो म्हटलं.

बेटीबाई : छानच झालं की.

स्वप्ना : काय छान? चारी बाजूंनी तुमचं पेन फिरलंय. माझं नावसुद्धा सोडलं नाहीत. त्याने स्वप्णा लिहिलंय, तुम्ही ण खोडून न केलाय.

बेटीबाई : त्याचं ते नेहमीचंच. ण राहून जाईल या धास्तीने नको तिथेही ण घालायचा. दहावीच्या निबंधात वन नाही लिहिलं, वण लिहिलं. धन नाही, धण. मी एकदा विचारलं, अरे, एवढे ण आणतोस कुठून?

स्वप्ना : तुम्ही हसताय. मला कालपासून काही सुचत नाहीये. मी जळते तुमच्यावर. सवत असती तर झिंज्या धरून भांडले असते. सत्तर वर्षांच्या बाईंशी काय भांडू?

बेटीबाई : बाहत्तर.

स्वप्ना : एकच विचारायला आलेय. खरं सांगा. मला आलेल्या पत्रात शेवटी जे आहे, ते या कच्च्यात नाहीच. बाकी सगळं असतंच सगळ्यांचं, नोकरी अमुक, जमीन तमुक, बहीण एक. मी हो म्हटलं ते त्या शेवटावर. तो शेवट तुम्ही सांगितलात का त्याला?

बेटीबाई : कोणता शेवट?

स्वप्ना : तुम्हाला माहीत असेल.

बेटीबाई : या पानाच्या तळाला मी काय लिहिलंय ते वाच.

स्वप्ना : 'शेवट उरकल्यासारखा वाटतो. नीट लिहून रविवारी दाखव.'

बेटीबाई : त्या रविवारी तो आला नाही. पुढच्याही नाही. मला वाटलं, जमत होतं ते मोडलं, उगाच विचारायला नको. मग एक दिवस पत्रिकाच घेऊन आला. मी विचारलं, शेवट काय केलास रे? म्हणाला, तुम्ही सांगितलात तसाच. मी तर काहीच सांगितलं नव्हतं. पण नवरदेवाला कशाला खोटं पाडू, म्हणून गप्प बसले.

स्वप्ना : मला बरं वाटावं म्हणून सांगताय.

बेटीबाई : लोकांना बरं वाटावं म्हणून बोलत असते, तर एवढ्या मुलांना नापास केलं नसतं मी. पत्र आणलंयस?

स्वप्ना : पर्समध्ये आहे. आजवर कोणाच्या हातात दिलं नाही. त्याच्याही नाही.

बेटीबाई : मग राहू दे.

स्वप्ना : घ्या. फक्त शेवट बघा. मी पाठ म्हणते, तुम्ही ताडून बघा. 'आमचं शेत खाडीला लागून आहे. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी मचूळ होतं. सगळे नळाचं पितात, मी विहिरीचंच पितो. माझं एकदा मन बसलं की मला दुसरी चव लागत नाही.' आता तुम्हीच सांगा, हे कल्पेशला सुचेल? भाजी आणायला धाडला तर 'मिळाली नाही' याच्या पलीकडे शब्द नाही त्याच्याकडे.

बेटीबाई : पुन्हा म्हण. शेवटचं वाक्य.

स्वप्ना : 'माझं एकदा मन बसलं की…'

बेटीबाई : तसं लिहिलेलं नाही. हे बघ, माझ्या बोटाजवळ. अक्षर न् अक्षर वाच.

स्वप्ना : मन. नाही… मण.

बेटीबाई : चाळीस शेरांचा मण बसलाय त्याचा. हा कागद माझ्या नजरेखालून गेला असता, तर हा ण इथे राहिला असता का?

स्वप्ना : अकरा वर्षं वाचतेय मी हे. मला कसं दिसलं नाही?

बेटीबाई : तू तपासायला थोडीच वाचत होतीस.

स्वप्ना : म्हणजे हे त्याचं आहे.

बेटीबाई : त्याचंच. विहिरीचं हे मला कधी बोललाच नाही. दर रविवारी येतो, बाकी सगळं सांगतो. साहेब काय म्हणाले, सुरुचीला कितीचा बूट लागतो, तुझा गुडघा दुखतो.

स्वप्ना : माझा गुडघाही सांगतो?

बेटीबाई : सांगतो. हे नाही सांगितलं.

स्वप्ना : तुम्हाला वाईट वाटलं?

बेटीबाई : वाईट नाही गं. हेवा वाटला तुझा. तेहतीस वर्षं वह्या तपासल्या मी. मुलं जे काही लिहितील ते आधी माझ्यापुढे येणार, असं धरूनच चालले. आणि हा तर माझा सगळ्यांत लाडका. यानेच सगळ्यांत चांगलं वाक्य लिहिलं, आणि ते मला न दाखवता पोस्टात टाकलं.

स्वप्ना : मी भांडायला आले होते. आता कशावरून भांडू?

बेटीबाई : भांडण राहू दे. आण इकडे तो कागद, अजून एकदा बघू दे.

स्वप्ना : बाई, पेनाचं टोपण कशाला काढलंत?

बेटीबाई : हात गेला आपोआप. एकच तर अक्षर आहे, बाजूला बारीकसं लिहिते. कळणारही नाही.

स्वप्ना : नको, बाई. ती चूक मला लिहिलेली आहे.