टीव्हीच्या पाठीला किती तोंडं

...आणि वर ती दुकानातली बाई मलाच विचारते, "आजोबा, कुठली वायर पाहिजे?" अहो, कुठली पाहिजे ते मला ठाऊक असतं तर मी दुकानात आलो असतो का? घरीच नसती का वळली? तुम्हाला सांगतो, एक्केचाळीस वर्षं नळ जोडले. अर्ध्या इंचापासून माणूस आत रांगत जाईल इतक्या पाइपापर्यंत. शाळा चौथीत सुटली, पण सांधा कधी सुटला नाही. त्यामुळे मुलीचा फोन आला, की बाबा, शनिवारी तीन वाजता माझं भाषण आहे, कॉम्प्युटरवर दिसेल, तेव्हा मी म्हटलं, कॉम्प्युटरवर नाही, टीव्हीवर बघणार. कारण आमच्या हिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, एक डोळा अजून धूसर, आणि तो कॉम्प्युटरचा पडदा म्हणजे केवढा, हातरुमालाएवढा. मुलगी म्हणाली, "मग वायर लागेल, बाबा. शेजारच्यांना विचारा." शेजारच्यांना? म्हटलं, शेवटी काय, दोन तोंडं आणि मधे नळी. त्यात विचारायचं काय?

आणि भाषण कशावर, ते ऐका. जमिनीखालच्या पाइपाची गळती आवाजावरून कशी शोधायची. आता ती मोठी इंजिनिअर, यंत्रं लावते. आम्ही काय करायचो? लोखंडी सळई, एक टोक जमिनीला, एक टोक कानाला, श्वास रोखून उभं राहायचं. गळतंय तिथं सूं असा बारीक आवाज येतो. ही पोर सहा वर्षांची असताना तिच्या कानाला लावली होती मी सळई. ती म्हणाली, "बाबा, जमीन फुसफुसतेय." तिचं भाषण आणि मी ऐकायचं नाही? ऐकायचंच. नीट, शब्दन् शब्द.

तर शनिवारी सकाळी आधी मेन स्विच बंद केला. ही आतून ओरडली, "अहो, पंखा का गेला?" म्हटलं, काम चालू आहे. लाइन चालू ठेवून जोडणी करणारा मी नव्हे. टीव्ही फिरवला, आणि मागे बघतो तर काय... तोंडंच तोंडं. गोल, चौकोनी, चपटी, एक तिरक्या खांद्याचं, तीन रंगीत. एवढ्या तोंडांनी हा खातो काय? कॉम्प्युटर फिरवला. त्यालाही तोंडं, पण त्यातलं एक निळं, तिरक्या खांद्याचं, टीव्हीच्या त्या एकासारखंच हुबेहूब. टॉर्च लावून भोकं मोजली. इकडं पंधरा, तिकडं पंधरा. जुळले आटे. आता दुकानात हे सांगायचं कसं? टीव्ही काखेत मारून न्यायचा का? आमच्या धंद्यात अनोळखी तोंडाचा ठसा घेतात. मी अंगाच्या साबणाची वडी घेतली, एका बाजूला कॉम्प्युटरचा ठसा, दुसऱ्या बाजूला टीव्हीचा. तेवढ्यात ही अंघोळीला निघालेली. "साबण कुठंय?" म्हटलं, तो कामावर आहे.

दुकानात ती बाई. चष्मा कपाळावर, हातात पेचकस, समोर कुठलंसं यंत्र उघडं पडलेलं. कुठली वायर पाहिजे म्हणाली, तर मी वडी टेबलावर ठेवली. तिने वडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "आजोबा, साबणाचं दुकान पलीकडे." मी म्हटलं, उलटी करून बघा. तिने चष्मा खाली ओढला, वडी उजेडात धरली, आणि हसायचं विसरली. "दोन्हीकडे तेच? मग सोपंय. कोणी शिकवलं हे?" म्हटलं, धंद्याने. विचारलं तरच सांगावं, आणि विचारलं तरी सगळं सांगू नये.

निळ्या तोंडाची वायर घेऊन आलो. बसवली. आणि तुम्हाला सांगतो, वायर शहाण्या माणसाने केलेली. दोन्ही बाजूंना स्क्रू, ओढली तरी सुटणार नाही. मेन चालू केला. कॉम्प्युटर लागला, टीव्ही लागला, आणि पडद्यावर काळोख. कोपऱ्यात चार अक्षरं. ही जवळ जाऊन म्हणाली, "मला तर काहीच दिसत नाही." म्हटलं, मलाही दिसत नाही, तुझ्या डोळ्याचा दोष नाही.

परत दुकान. म्हटलं, तुमची वायर तुंबलीय. बाई म्हणाली, "टीव्हीला सांगितलंत का, कुठल्या तोंडातून घ्यायचं ते?"

"त्याला सांगावं लागतं?"

"इतकी तोंडं आहेत, त्याला कसं कळणार? रिमोटवर बटण असतं, ते दाबत जा."

म्हणजे कॉक बंद! अहो, मग असं बोला ना. पाइप बरोबर, सांधा बरोबर, कॉक बंद. शेवटी काय, दोन तोंडं आणि मधे नळी, फक्त कॉक उघडायचा राहिलेला. घरी आलो, बटण दाबलं, एक, दोन, तीन... आणि आख्खा कॉम्प्युटर टीव्हीवर. ही खुर्ची पुढे ओढून बसली. म्हणाली, "आता पोरीचं नाक दिसेल." अडीच वाजले होते.

पण आवाज? पोरीच्या आधीच्या कुणाचं तरी भाषण चालू होतं, त्याचा आवाज टीव्हीतून नाहीच. तो त्या कॉम्प्युटरच्या पोटातून, डब्यात माशी अडकावी तसा. ही म्हणाली, "येतोय की ऐकू. बसा आता."

"मला असा नको."

"अहो, तीनला सुरू होणार आहे."

"चार मिनिटांवर दुकान आहे. हा गेलो, हा आलो."

गेलो. बाईने मला बघितलं आणि न विचारताच दुसरी वायर काढली, बारीक, दोन्ही टोकांना गोल काडी, हिरवी. "आवाजाची ना? हे घ्या." इथं निघायला हवं होतं. अडीच वाजून दहा मिनिटं. पण माझ्या डोक्यात एक किडा वळवळत होता. म्हटलं, बाई, एक सांगा, त्या जाड निळ्या नळीतून चित्र जातं, मग आवाजानेच काय घोडं मारलंय? ती म्हणाली, "त्या वायरीत चित्रच जातं. दोन्ही जाणारी वेगळी असते. तुमच्या कॉम्प्युटरला तिचं तोंड नाही."

"एका नळीतून दोन्ही? आणि मिसळत नाहीत?"

"नाही."

"का नाही?"

आता बघा, दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, जा आजोबा. हिने खणातून एक तुटकी वायर काढली, चिमट्याने कापली, सोलली. आत काय, एक तार नव्हेच! बारीक बारीक एकोणीस. त्यातल्या काही जोडीजोडीने पिळलेल्या, जोडीवर चंदेरी कागद गुंडाळलेला. मी विचारलं, कागद कशाला? ती म्हणाली, "शेजारच्या जोडीचं ऐकू येऊ नये म्हणून." वा. मी तो कागद उलगडला, परत गुंडाळला. पीळ मोजले. पिळतात का, ते विचारलं. तिने कागदावर काढून दाखवलं. मी पुन्हा विचारलं, तिने पुन्हा काढलं. मग मी तिला सळईचं सांगितलं, तिला ते खरं वाटेना, मग तिच्याच पेचकसाचं टोक दुकानातल्या भिंतीवरच्या पंख्याच्या मोटरवर ठेवून मूठ तिच्या कानाला लावली. ती म्हणाली, "अरे, आतलं बेअरिंग गेलंय की." मग पंखा उतरवला...

घड्याळ दिसलं तेव्हा पावणेचार.

या वयात मी पळालो. दारातून आत, चपला पायात, थेट टीव्हीच्या मागे, काडी इकडे, काडी तिकडे, आणि आवाज आला. काय आवाज, तुम्हाला सांगतो! भरदार, स्वच्छ, खोली भरून. टाळ्यांचा.

टाळ्या संपल्या. पडदा काळा झाला. मी टीव्हीच्या मागेच गुडघ्यावर.

ही पदराने डोळे पुसत होती. म्हटलं, डोळ्याला ताण दिलास ना? म्हणाली, "डोळ्याला काही झालेलं नाही."

"काय बोलली?"

"नळाचं सगळं. मला कुठं कळतंय? ते तुम्हालाच कळलं असतं." पदर नीट केला. "मधेच बोलायची थांबली, समोर बघून म्हणाली, हे ऐकायला मला ज्यांनी शिकवलं, ते आत्ता घरी बसून ऐकताहेत."

"मग?"

"मग काय? मी टीव्हीला सांगितलं, दुकानात गेलेत."

संध्याकाळी पोरीचा फोन. "बाबा, ऐकलंत? आवाज नीट आला का?"

ही माझ्याकडे बघत उभी.

म्हटलं, "आवाज उत्तम होता."