मधल्या खांबाचा सांधा

मी, बोगुमिल राताय, वय ५८ वर्षे, धंदा सुतारकाम (ऐतिहासिक छावण्यांच्या तंबूंचे खांब करणे), राहणार याब्वोन्का, जिल्हा ओल्श्टिन, पोलंड. ठाण्यात समक्ष येऊन सांगतो की,

मी आणि माझा मित्र विन्सेंती बायोर, वय ६१, बावीस वर्षे मिळून तंबू करतो. कापड व शिवण त्याची, खांब माझे. गावच्या कुरणावर दर उन्हाळ्यात जुन्या लढाईचा देखावा होतो. त्याच्या छावणीत आमचा मोठा तंबू असतो. मधला खांब पाच मीटरचा आहे. गाडीत मावावा म्हणून तो मी दोन तुकड्यांत केला असून सांध्यावर लोखंडी नळी बसवतो. दिसू नये म्हणून नळीवर चामडे गुंडाळतो.

काल शनिवारी सकाळी आठ वाजता छावणीत सगळे त्या काळचेच आहे ना हे तपासणाऱ्या ल्युद्मिलाबाईंनी चामड्यावर बोट वाजवून पाहिले व विचारले, "बोगुमिल, चौदाशे साठ साली ही कुठल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळायची?" नळी काढा, नाहीतर तंबू काढा, असे त्या म्हणाल्या. मी तंबू काढू लागलो. विन्सेंती म्हणाला, "रुसू नकोस रे बोगुश. तुझा खापरपणजा काय नळ्या लावत होता? बांध दोरीने."

मी दोन्ही तुकड्यांना खाच पाडून ते एकमेकांत बसवले व वरून तागाची दोरी आवळली. पहाटेच्या पावसाने दोरी ओली होती. ओली दोरी घट्ट बसते, वाळली की सैल पडते. हे मला माहीत होते.

दुपारी एकच्या सुमारास दोरीला हात लावला. ती बोटाने सरकत होती. पाचर आणायला निघालो, तेवढ्यात विन्सेंतीने सूप वाढले. सूप प्यायला किती वेळ लागला, असे विचारल्यावरून सांगतो की, पंधरा मिनिटे. त्याने दुसऱ्यांदा वाढले, तेव्हा मी नको म्हणालो नाही.

वाऱ्याचा झोत आला आणि सांधा निसटला. खालचा तुकडा विन्सेंतीच्या मानेवर पडला. वरचा मी कवेत धरला. सगळ्या कापडाचा भार त्या वरच्या तुकड्यावर होता. खाली सुपाची शेगडी पेटलेली होती व आत आणखी नऊ माणसे होती. त्यामुळे तो सोडता आला नाही. विन्सेंती माझ्यापासून दोन पावलांवर होता. मी पाय लांब केला, पोचला नाही. त्याला बघा, असे मी ओरडत होतो, पण बाकीचे कापडाखाली चाचपडत होते. बाहेर टाळ्या वाजत होत्या. लोकांना तो देखाव्याचा भाग वाटला.

विन्सेंती म्हणाला, "धरून ठेव. शिवण बघ, एक टाका उसवला नाही." त्यानंतर तो बोलला नाही. त्याचे डोळे उघडे होते.

शेगडी विझवून सगळे बाहेर पडायला सात-आठ मिनिटे लागली. मग मी खांब सोडला. रुग्णवाहिका एक चाळीसला आली. डॉक्टरांनी त्याला तिथेच मृत ठरवले.

नळी माझ्या गाडीत होती, ती हजर करत आहे. बाईंनी नियम सांगितला. सांधा मी केला. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

हा जबाब मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. दोन्ही तळहातांना पट्ट्या असल्याने सही नेहमीसारखी आलेली नाही, पण ती माझीच आहे.