डावखुरी चकती

वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावच्या बसस्टँडवर माझ्या शेजारच्या बाईच्या मांडीवर पेरणी यंत्राच्या दोन प्लास्टिकच्या चकत्या होत्या. दोन्हींच्या कडेला अंगठ्याएवढी खाच होती, आणि दोन्ही खाचा डावीकडे कललेल्या होत्या.

“मुनाफभाई, ही आपली अन् ही कंपनीची.”

“माह्या वर्कशॉपात थ्रीडी प्रिंटरवर छापलेली चकती मी वळखत नाई का, संगीताताई?”

“मंग सांगा, आपली खाच डावीकडे काहून?”

“तुमची सासू डावखुरी. रामीबाईले पेरताना चकती निघत नोती, म्हून तुमीच कम्प्युटरवर तशी काढली.”

“कंपनीतबी एखांदी रामीबाई हाय का?”

“हसवू नका. डिझाइन कंपनीचं हाय असं लिहून द्या अन् छापणं बंद करा, नाईतर कोर्टात खेचू, म्हन्ते ते.”

“आपण फाइल शेतकऱ्याइच्या ग्रुपवर फुकट टाकली. त्याइनं तीच उचलली अन् सोताच्या नावावर केली.”

“कोर्टात त्याइच्यापुढं आपण टिकू का?”

“तुमी दिवाळीपासून ‘पाहू, पाहू’च करून राह्यले. आता पेरणी तोंडावर आली. लोकाइनं त्याइची महागडी चकती घ्यावी का?”

“वाशिमची गाडी लागली. चला.”

“उतरायचं कुठं? सही कराले कंपनीच्या डीलरकडे, का वकिलाकडे?”





“वकिलाकडे. सही करत नाई मी. अन् रामीबाईले फोन करा. म्हनाव, डाव्या हातानं चकती काढून दाखवाले या.”