करपलेली पेज

ऐका मंडळी! कीर्तनात डोळे भरून येतात, बरोबर? मग ते पाणी घरच्या उंबऱ्यापर्यंत टिकतं — की देवळाच्या पायरीवरच सुकतं? मी काही सांगत नाही. गुणाजी सांगतील.

खाडीकाठच्या एका गावात गुणाजी तेमकर राहायचे. नारळीची बाग, घरात सुंदराबाई, आणि कीर्तनाचं भारी वेड! बुवा अडखळले की पुढचा शब्द हे पुरवणार. (हसू नका, आपल्यातही आहेत असे!) पण या भाविक माणसानं सख्ख्या बहिणीशी बोलणं टाकलेलं! चंद्राला पैलतीरी दिलेली. आई गेली तेव्हा खाडीला उधाण, होडी सुटेना. ती पोचली तोवर चिता विझली होती. गुणाजी चारचौघांत म्हणाले, "तुला आईपेक्षा संसार मोठा." चंद्रा आल्या पावली परतली. त्यानंतरच्या सगळ्या भाऊबिजा कोरड्या गेल्या — दोन्ही तीरांवर!

एकदा कीर्तन रंगलं क्षमेवर. गुणाजी ढसाढसा रडले. सकाळी होडीवाल्यानं येऊन सांगितलं, चंद्रा तापानं फणफणलीय, नवरा गेल्यापासून एकटीच, जवळ पाणी द्यायलाही माणूस नाही. गुणाजींनी विचारलं, तिनं निरोप धाडलाय का? धाडला नव्हता. मग हे बसले झोपाळ्यावर, झोके घेत!

सुंदराबाई भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "अहो, काल बुवा काय म्हणाले? मी मागं बसले होते, नीट ऐकू नाही आलं."

गुणाजी खुलले! "बुवा म्हणाले, रुसलेल्याच्या दारी जो आधी जातो, त्याच्या..." आणि थांबले. पुढचा शब्द काही तोंडातून निघेना.

उठले, उपरणं खांद्यावर टाकलं, होडीत बसले. वाटभर जुळवाजुळव — असं बोलीन, तसं समजावीन. दारात पाय ठेवला आणि सगळं विसरले. चंद्रा भिंतीकडे तोंड करून पडली होती. केस पांढरे झालेले, थेट आईसारखे. गुणाजी चुलीपाशी बसले. जन्मात कधी चूल पेटवली नव्हती! धूर, ठसका, डोळ्यांत पाणी — कशाचं ते विचारू नका. पेज केली, ती करपली.

चंद्रानं घोट घेतला. "करपलीय, दादा."

"ठेव. दुसरी करतो."

"नको, असू दे." तिनं वाटी रिकामी केली. मग हळूच म्हणाली, "त्या दिवशी मी पलीकडच्या काठावर उभी होते रे. धूर दिसत होता मला."

मंडळी, एवढी कीर्तनं ऐकलेला माणूस! पण त्याला दोनच शब्द सुचले. "चुकलो गं."

ताप उतरेस्तोवर गुणाजी तिथंच राहिले. पेज रोज थोडी बरी होत गेली म्हणतात!

आता आरती होईल. प्रसाद घ्या सगळ्यांनी. पण हे ऐकता ऐकता एक नाव तुमच्याही मनात येऊन गेलं ना? खाली बघू नका, माझ्याही आलं. ते नाव देवाला सांगत बसू नका, त्याला ठाऊक आहे. त्या माणसाच्या दारी जा!